डाव्या दाराचा निषाद

नऊ हजार. त्यापुढे एक पैसा नाही,
हे मी आधीच सांगून टाकलं रईसभाईला,
पडावच्या पुलाशी, त्याच्या दुकानात,
जिथे भिंतभर निळे दिवे लावलेले खोके
बसल्याजागी धडधडत होते.

तो हसला नाही. गाडीत बसला,
रेडिओ लावला, आवाज चढवला
आणि दारावर तळहात ठेवून राहिला
ताप बघतात तसा.
"स्पीकर नहीं साहब," म्हणाला,
"आपका पतरा गा रहा है."

अस्तर उतरवलं तेव्हा निघाला
कंपनीने दिलेला तो गवई:
बशीएवढा, कागदी,
पाठीवर आठ आण्याच्या नाण्याएवढं चुंबक.
सात वर्षं ह्याच्यावर मी
बातम्या ऐकल्या, क्रिकेट ऐकलं,
घरचं भांडण गाडीत आलं की
ह्याचाच कान पिळला.

"बडा डब्बा मत लो," तो म्हणाला,
स्वतःच्याच भिंतीकडे पाठ करून.
आधी दारं गप्प करा. पुढची एक जोडी चांगली घ्या.
मागचे राहू देत तसेच, मागे बसतं कोण?
मागे आत्या बसते.
मी म्हटलं, तिला पुढे घेऊ.

मे महिना, सेहेचाळीस अंश,
डांबराची चादर स्वतःच चिकटायला उतावीळ.
शानू नावाचा पोरगा रूळ फिरवत होता,
कोपऱ्यात अंगठा, मग पुन्हा रूळ,
प्लायवूडची कडी त्याने दोनदा कापली
कारण पहिली अर्धा सूत मोठी झाली होती
आणि ते त्याच्याशिवाय कुणालाच दिसलं नव्हतं.
संध्याकाळी दारावर टकटक केली.
सकाळी रिकामा डबा होता,
आता भरला माठ.

हिशेब पावणेआठ हजारांवर थांबला.
उरलेल्यात सिलिंडर आला.

रविवारी कंपूतून मनोरमा आत्याला घेतलं.
पेन ड्राइव्हवर तिचाच बिहाग,
सत्याऐंशी सालचा, दत्तमंदिराच्या सभामंडपातला,
कॅसेटवरून उतरवलेला, अख्ख्या घराला पाठ.
मी काचा वर केल्या.
तानपुरा आधी आला,
पायांपाशी नाही, समोर, काचेच्या जरा अलीकडे.
मग डग्गा. आम्हाला माहीतच नव्हतं
की त्या दिवशी डग्गाही वाजला होता.
कुणीतरी खोकलं. दूर एक कपबशी.
आत्या पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती,
पासपोर्टचा फोटो काढताना बसतात तशी.

फूलबागेच्या सिग्नलला ती म्हणाली, "थांबव."
"सिग्नलच आहे, आत्या."
"गाडी नाही रे. मला."

मागे घेतलं. पुन्हा लावलं.
"इथे. निषाद उतरलाय माझा.
ऐक. केसभर. पण उतरलाय."
मला काही ऐकू आलं नाही.
छत्तीस वर्षं आम्ही ह्या जागेवर
मान डोलावत आलो होतो.

"कुणी बोललं कसं नाही?"
मी म्हटलं, "पत्रा गात होता, आत्या."
ती काही बोलली नाही. मग,
"आधीचेच बरे होते. ते काढलेले
फेकले तर नाहीस ना?"
डिकीत होते, वर्तमानपत्रात गुंडाळलेले.
मी खोटं बोललो. म्हटलं, भंगारात गेले.

सिग्नल सुटला. मागच्या टमटमने हॉर्न मारला,
तोही आता आतून सभ्य ऐकू येत होता.
नदीगेटपर्यंत ती बाहेर बघत राहिली.
मग स्वतःच बोट पुढे करून
तीन मिनिटं मागे नेलं,
आणि ती जागा जवळ आली तशी
पर्स खाली ठेवली,
चष्मा काढला,
आणि त्या चाळिशीतल्या बाईच्या उतरत्या सुराच्या
किंचित वर, दमलेल्या, जाड्या आवाजात
निषाद लावून धरला.

दोन्ही एकदम चालू होते.
मी एसी बंद केला.